उपस्थाता : मनोरुग्णांच्या शुश्रूषेच्या इतिहासांतील एक उपेक्षित स्थान

( १ )

शके १७१७, म्हणजे इ. स. १७९५ च्या आश्विनांत सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून खालच्या कारंजावर पडले आणि दोन दिवसांनीं, ता. २७ आक्टोबर रोजीं, वारले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. अंगांत ज्वर असतांना ते दसऱ्याच्या समारंभास गेले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत हा प्रसंग ओढवला. वय अवघें एकवीस वर्षांचें. ग्रँट डफनें ही आत्महत्या ठरविली. पुढील मराठी इतिहासकारांपैकीं कित्येकांनीं ज्वराच्या भ्रमांत हा अपघात झाला असें प्रतिपादन केलें. आणि नाना फडणिसांच्या धाकाचा यांत वांटा किती, या मुद्द्यावर तर आजवर पानेंच्या पानें खर्चीं पडलीं आहेत. तो वाद येथें पुन्हा उकरून काढण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. मूळ कारण कोणतेंही माना, त्या वेळीं श्रीमंतांचें चित्त ठिकाणावर नव्हतें, एवढें उभय पक्षांस मान्य करावेंच लागतें.

असें असतां एक साधा प्रश्न जितक्या आग्रहानें पुसला जावयास पाहिजे होता तितक्या आग्रहानें पुसला गेलेला नाहीं. तो हा कीं, त्या क्षणीं रोग्याजवळ कोण होतें? त्याच्याकडे नेमकें कोणतें काम सोंपविलें होतें, आणि तें त्यास कोणीं शिकविलें होतें? पेशव्यांच्या वाड्यांत माणसांची वाण नव्हती. परंतु चाकर पुष्कळ असणें आणि उपस्थाता असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. राजकारण शोधण्याच्या भरांत आपण कारस्थानें पाहिलीं, पत्रें पाहिलीं, स्वभाव पाहिले. बिछान्याशेजारीं बसणाऱ्या माणसाकडे मात्र आपली दृष्टि क्वचितच गेली. मनोरुग्णांच्या संरक्षणाचा आपल्याकडील इतिहास तपासूं लागल्यास हेंच दुर्लक्ष पुढेंही पदोपदीं आढळतें. त्याचा थोडक्यांत मागोवा घ्यावा, एवढ्याच उद्देशानें हा लेख लिहिला आहे.

( २ )

‘उपस्थाता’ हा शब्द चरकसंहितेंतला. सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार चार गुण दिले आहेत. उपस्थात्याच्या ठिकाणीं उपचाराचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता हे चार गुण पाहिजेत. रोग्याच्या ठिकाणीं स्मृति, सांगितल्याप्रमाणें वागण्याची तयारी, निर्भयता आणि आपल्यास काय होतें तें सांगण्याची शक्ति हे चार गुण पाहिजेत.

या दोन यादी शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. ज्वर किंवा व्रण झालेल्या रोग्याजवळ हे चारही गुण बहुधा शाबूत असतात. मनोरुग्णाच्या बाबतींत नेमका घाला पडतो तो या चारांवरच. स्मृति ढळते, सांगितलेलें पटत नाहीं, भय ग्रासून टाकतें, आणि आपल्यास काय होतें हें सांगतां येत नाहीं, किंवा सांगावेंसें वाटत नाहीं. म्हणजे चौथा पाद लुळा पडला म्हणावयाचा. त्याचा भार मग कोणी वाहावयाचा? वैद्य दिवसांतून घटकाभर येणार, औषध निर्जीव. राहिला उपस्थाता. रोगी जें सांगूं शकत नाहीं तें पाहून ओळखणें, लक्षांत ठेवणें आणि वैद्यास सांगणें हें काम त्याच्यावरच येऊन पडतें. चरकानें हें या शब्दांत कोठें लिहिलेलें नाहीं. हा प्रस्तुत लेखकानें काढिलेला निष्कर्ष आहे. परंतु त्या योजनेंतून तो सरळ निघतो असें वाटतें.

चिकित्सास्थानांतील उन्मादाच्या अध्यायांत जे उपाय आहेत त्यांत एक तपशील विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. अनावर झालेल्या रोग्यास पट्ट्यांनीं बांधावें, पण ते पट्टे बळकट असून सुखकरही असावेत. आणि ज्या अंधाऱ्या खोलींत त्यास कोंडावयाचें तींतून लोखंड, लांकूड इत्यादि वस्तु आधीं काढून टाकाव्यात. बंधनानें इजा होऊं नये आणि खोलींतील वस्तूंनीं रोग्यास अपाय होऊं नये, हा विचार यांत स्पष्ट आहे. मित्रांनीं धीराच्या गोष्टी सांगाव्या, हेंही तेथेंच सांगितलें आहे. तथापि पूर्वजांच्या गौरवासाठीं अर्धें सांगून अर्धें झांकणें संशोधकास शोभत नाहीं. त्याच अध्यायांत रोग्यास दांत काढलेल्या सर्पाचें, शिकविलेल्या सिंहाचें अगर हत्तीचें भय दाखवावें, राजपुरुषांकडून धमकी द्यावी, असेही उपाय आहेत. म्हणजे सांत्वन आणि त्रास हीं दोन्हीं एकाच ग्रंथांत एकत्र नांदत होतीं. पुढील काळानें दोहोंपैकीं काय उचललें, हा प्रश्न आहे.

( ३ )

हा प्रश्न केवळ आपल्याच देशापुरता नव्हता. पुण्यांत वरील दुर्घटना घडली त्याच दशकांत पॅरिस येथील बिसेत्रच्या रुग्णालयांत वेड्यांच्या पायांतल्या बेड्या निघाल्या. या कामाचें श्रेय सामान्यतः पिनेल या प्रसिद्ध वैद्यास देतात. वस्तुतः बिसेत्र येथील बेड्या १७९७ सालीं काढल्या त्या झाँ-बातिस्त प्युसें यानें. पिनेल तोंपर्यंत तेथून दुसरीकडे गेला होता. हा प्युसें वैद्य नव्हता. तो जातीचा कातडीं कमावणारा कारागीर. गंडमाळेच्या विकारानें स्वतः त्याच रुग्णालयांत रोगी म्हणून आला, बरा झाल्यावर तेथेंच चाकरीस राहिला आणि शेवटीं वेड्यांच्या विभागाचा व्यवस्थापक झाला. सेवकानें रोग्यावर हात टाकतां कामा नये असा त्याचा दंडक होता, आणि बरे झालेल्या रोग्यांतूनच तो सेवक निवडीत असे. त्याची पत्नीही या कामांत त्याच्या जोडीस होती. आपण जें शिकलों तें या माणसाकडून, असें पिनेलनें मोकळ्या मनानें नमूद केलें आहे. तरीही लोकांच्या स्मरणांत वैद्याचें नांव राहिलें आणि उपस्थात्याचें गेलें.

( ४ )

आतां आपल्या भागाकडे वळूं. भाईंदर, मिरें, घोडबंदर हीं गांवें साष्टी बेटाच्या उत्तर टोकास, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर वसलेलीं. १७७४ च्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम राहिली. अर्थात् सवाई माधवराव निवर्तले तेव्हां हा मुलूख कंपनीच्या अंमलाखालीं जाऊन वीस वर्षें होऊन गेलीं होतीं. वेड्यांसंबंधींची सरकारी व्यवस्था येथें आली ती म्हणून मुंबईच्या वाटेनें. कुलाब्याचें वेड्यांचें इस्पितळ १८२६ सालीं सुरू झालें. पुढें १८५७ च्या धामधुमीनंतर लागलीच, १८५८ सालीं, वेड्यांच्या इस्पितळांसंबंधींचा छत्तिसावा आक्ट झाला.

या आक्टाची दृष्टि कशी होती तें पाहण्यासारखें आहे. रस्त्यांतून भटकणारा किंवा इतरांस धोकादायक असा वेडा आढळल्यास पोलिसांनीं त्यास मॅजिस्ट्रेटापुढें न्यावें, मॅजिस्ट्रेटानें डॉक्टराच्या साहाय्यानें तपासणी करून इस्पितळांत पाठविण्याचा हुकूम द्यावा, अशी त्याची रचना. नातलगांकडून ज्याचा छळ किंवा हेळसांड होते अशा वेड्याची दखल घेण्याचें कलमही त्यांत होतें, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु एकंदर झोंक समाजाच्या रक्षणाकडे होता. रोग्याचें रक्षण हें ओघानें येणारें. इस्पितळांवर सरकारनें निरीक्षक नेमावे, त्यांत तुरुंगांचे मुख्य अधिकारी पदसिद्ध असावे, ही तरतूद त्या झोंकाची साक्षच होय. १९१२ सालच्या चौथ्या आक्टानें बरीच सुधारणा केली, तरी प्रवेशाची मुख्य वाट पोलीस आणि मॅजिस्ट्रेट यांच्या दारांतूनच जात राहिली.

ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालीं स्थापन झालें. नरोत्तमदास माधवदास यांचें नांव त्यास मिळालें तें त्या घराण्याच्या दातृत्वामुळें. भाईंदर-मिऱ्याकडील माणसांस यामुळें कुलाब्याऐवजीं घोडबंदरच्या रस्त्यानें जिल्ह्याच्या गांवीं जाण्याची सोय झाली. १९२० च्या सुमारास सरकारनें ‘वेड्यांचें इस्पितळ’ हें नांव टाकून ‘मानसिक रुग्णालय’ हें नांव धारण केलें. दारावरची पाटी बदलली. आंत रोग्याच्या सान्निध्यांत दिवसरात्र जो असे, त्याचें नांव मात्र पुष्कळ काळ ‘वॉर्डर’ हेंच राहिलें. आणि हा शब्द तुरुंगांतला आहे. नांवाप्रमाणें कामही ठरतें. वॉर्डरानें राखावयाचें तें कुलूप. मोजावयाचीं तीं डोकीं.

१९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा अहवाल सादर केला. त्या वेळीं चाळीस कोटींच्या या देशांत मनोरुग्णांसाठीं खाटा होत्या सुमारें दहा हजार. म्हणजे चाळीस हजार लोकांमागें एक. इंग्लंडांत हेंच प्रमाण सुमारें तीनशें लोकांमागें एक असें होतें. समितीच्या शिफारशीस अनुसरून १९५४ सालीं बंगळूर येथें अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली, आणि पुढें तेथें मनोरुग्णांच्या शुश्रूषेची पदविका सुरू झाली. या शुश्रूषेस स्वतंत्र शिक्षण लागतें ही गोष्ट सरकारी रीत्या मान्य होण्यास कुलाब्यापासून मोजल्यास सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

( ५ )

कायदे आणि इस्पितळें यांच्या कक्षेबाहेर जें घडत असे त्याचे कागद राहत नाहींत. म्हणून येथें एक स्वतःच्या स्मरणांतील गोष्ट नमूद करितों. १९७० च्या सुमारास आमच्या आळीच्या टोकास मिठागरावर राबणाऱ्या एका कुटुंबाचें घर होतें. त्या घरचा थोरला मुलगा, वय वीस-बावीस, पडवीच्या खांबास दावें लावून बांधिलेला असे. आम्ही पोरें शाळेंतून येतांना लांबून पाहत असूं. त्याची आई रोज सकाळीं दाव्याखालची चिंधी सोडी, घोटा कोमट पाण्यानें धुई, खोबरेल लावी आणि जुन्या लुगड्याची नवी घडी घालून दावें पुन्हा बांधी. रात्रीं ती त्याच्या शेजारींच निजे. पुढें कॉलेजांत चरक वाचतांना बळकट पण सुखकर अशा पट्ट्यांचा उल्लेख आला, तेव्हां मला ती लुगड्याची घडी आठवली. त्या माउलीनें अर्थातच चरक वाचलेला नव्हता.

दोन-तीन वर्षांनीं ती वारली. घरच्यांनीं दाव्याच्या जागीं सांखळी आणली, तिला कुलूप लाविलें, आणि किल्ली कनवटीस लावून सारीं माणसें मिठागरावर जाऊं लागलीं. सांखळी दाव्यापेक्षां निःसंशय मजबूत होती. घोट्यास जखम झाली, ती चिघळली, आणि त्याच पावसाळ्यांत तो मुलगा गेला. घरचीं माणसें दुष्ट नव्हतीं. गरीब होतीं, दमलेलीं होतीं, आणि मजबूत सांखळी म्हणजे सुरक्षितता असें त्यांस प्रामाणिकपणें वाटत होतें. आम्हां शेजाऱ्यांसही तसेंच वाटलें. ठाण्याचें इस्पितळ कांहीं कोसांवर होतें. पण त्या वाटेवर पोलीस आणि कोर्ट उभें आहे हें जाणून कोणी तें नांव काढिलें नाहीं. आम्हीही काढिलें नाहीं, हें लिहून ठेवणें भाग आहे.

हीच चूक तीस वर्षांनीं देशाच्या दुसऱ्या टोकास भयंकर स्वरूपांत प्रकट झाली. तामिळनाडूंतील रामनाथपुरम् जिल्ह्यांत एरवाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें मनोरुग्णांचीं खासगी निवासस्थानें चालत. ता. ६ आगस्ट २००१ रोजीं पहांटे त्यांपैकीं एका झांपाच्या निवासास आग लागली. रोगी सांखळ्यांनीं जखडलेले होते. अठ्ठावीस जीव गेले. सर्वोच्च न्यायालयानें आपण होऊन या घटनेची दखल घेतली. एरवाडींत सांखळ्या तुटल्या नाहींत. त्यांनीं आपलें काम चोख बजावलें. त्या वेळीं त्या सोडणारा कोणी जवळ नव्हता.

( ६ )

१९८७ सालचा मानसिक आरोग्य कायदा १९१२ च्या कायद्याच्या जागीं आला. आणि त्याच्याही जागीं २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ सालीं अंमलांत आला. १८५८ आणि २०१७ हे दोन कायदे एकापुढें एक ठेवून वाचल्यास दृष्टि किती पालटली हें दिसतें. मनोरुग्णास कोणत्याही प्रकारें सांखळीनें बांधण्यास आतां मनाई आहे. एकांत कोठडींत कोंडण्यासही मनाई आहे. बळानें आवरणें केवळ तत्काळ होऊं पाहणारी इजा टाळण्यास दुसरा मार्गच नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीनें, अत्यावश्यक तेवढाच वेळ, आणि त्याची कारणांसह नोंद करूनच करावयाचें. शिक्षा म्हणून किंवा सेवकवर्गाच्या सोयीसाठीं तें करतां येत नाहीं. माणसें कमी आहेत ही सबब चालत नाहीं. सुरक्षित व स्वच्छ जागा, अंगभर वस्त्र, सक्तीनें डोकें न भादरलें जाणें, हे आतां रोग्याचे हक्क आहेत. चरकांतील सांत्वनाचा धागा उचलला गेला आणि त्रासाचा सोडून दिला गेला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु कायद्यानें सांखळी काढली म्हणजे तिची जागा रिकामी राहत नाहीं. तेथें माणूस उभा करावा लागतो. सांखळीस वेतन लागत नाहीं, झोंप लागत नाहीं, शिक्षण लागत नाहीं; माणसास हें सर्व लागतें. महाराष्ट्रांत ठाणें, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांच्या मंजूर खाटा दीर्घ काळ अनुक्रमें १८५०, २५४०, ९४० व ३६५, म्हणजे एकूण ५६९५ अशा नोंदल्या जात होत्या. आमचें मिठागरांचें गांव १९८५ सालीं नगरपरिषद व २००२ सालीं महानगरपालिका झालें. २०११ च्या खानेसुमारींत एकट्या मिरा-भाईंदरची वस्ती आठ लक्षांवर भरली. खाटा मोजतां येतात म्हणून आपण खाटा मोजतों. त्या खाटांजवळ रात्रीं दोनच्या सुमारास जागें कोण असतें, ही गणना क्वचितच कोणी मागतो.

प्रस्तुत लेखकाची एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका रुग्णालयांत परिचारिका आहे. पाळी बदलतांना काय करतेस, असें मीं तिला सहज विचारलें. ती म्हणाली, “गुरुजी, माणसें पुरेशीं असलीं तर आम्ही दोघी प्रत्येक खाटेपाशीं जातों. हा जेवला नाहीं, यानें गोळी गालांत धरून ठेविली होती, याच्या घरून महिनाभर कोणी आलें नाहीं, असें एकेकाचें सांगतों. ओरडणाऱ्याची मला तेवढी काळजी नसते. कालपर्यंत ओरडत होता आणि आज एकाएकीं शांत झाला, त्याची असते. माणसें कमी असलीं म्हणजे मात्र दारांतूनच सांगावें लागतें कीं, बाई, इतके आहेत, मोजून घ्या.”

या साध्या उत्तरांत आपल्या विषयाचा सर्व इतिहास सांठविला आहे. खाटेपाशीं जाऊन एकेकाचें सांगणें हें उपस्थात्याचें काम. दारांतून मोजून देणें हें वॉर्डराचें. बाई तीच, वेतन तेंच, कायदाही तोच. हाताखालीं माणसें किती, एवढ्यावरून ती एका रात्रीं चरकाची उपस्थाता असते आणि दुसऱ्या रात्रीं तिला १८५८ सालांत परत जावें लागतें. रुग्णाची सुरक्षितता भिंतीच्या उंचीवर नव्हे, तर या फरकावर अवलंबून आहे. कोणी म्हणेल, कुलुपें व गज यांचा कांहींच उपयोग नाहीं काय? आहे. खोलींतून लोखंड व लांकूड काढून टाकण्याचा उपदेश आजही खराच आहे. मात्र वस्तु काढून टाकणें ही रक्षणाची पूर्वतयारी होय, रक्षण नव्हे.

( ७ )

शेवटीं संशोधकांस एक विनंती करावयाची आहे. मनोरुग्णालयांचे जे वार्षिक अहवाल छापले गेले त्यांत प्रवेश, मृत्यु, खर्च यांचे आंकडे असतात. सेवकांची संख्या व वेतनही कधीं कधीं सांपडतें. पण सेवकांच्या नेमणुकांचीं पुस्तकें, रात्रपाळीच्या नोंदी, निरीक्षकांनीं भेटीअंतीं लिहिलेले शेरे, अशा हस्तलिखित कागदांकडे अद्याप पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. जुन्या इमारती एक ना एक दिवस पडणारच, आणि त्यांच्याबरोबर हीं दप्तरें रद्दींत जाण्याचा धोका आहे. रोग्यांचीं नांवें गुप्त राखून, योग्य अनुमतीनें, या कागदांची यादी तरी करून ठेवावी. तसेंच ज्यांनीं अशा ठिकाणीं सेवा केली असे वृद्ध परिचारक-परिचारिका आपापल्या गांवीं असतील त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. हें काम वर्षां-दोन वर्षांत केलें तरच होईल. पुढें सांगणारेंच उरणार नाहीं.

सवाई माधवरावांच्या बिछान्याशेजारीं त्या दिवशीं कोण होतें, याचा छडा आतां लागेल कीं नाहीं कोण जाणे. आमच्या आळींतील त्या मुलाशेजारीं कोण असे, हें मात्र मला ठाऊक आहे. ती होती तोंवर तो जगला, एवढी नोंद इतिहासांत व्हावी.